यादीतला तिसरा माणूस

बंदराजवळच्या सरकारी दवाखान्यात शिरलं की पहिली खिडकी केसपेपरची. त्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना तिथे बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी एकही अर्धवट केसपेपर आत डॉक्टरांकडे जाऊ दिला नव्हता. माणूस कण्हत येवो, रक्तबंबाळ येवो की झिंगलेला येवो, जाळीआडून तेच प्रश्न त्याच क्रमानं यायचे. "पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव? वय? राहणार कुठले? आधी कधी आला होतात?" एकदा एक हमाल पोटात कळा येऊन खिडकीखालीच आडवा झाला, तेव्हा बाई अर्ध्या बाहेर वाकून त्याला म्हणाल्या होत्या, "गाव राहू द्या हो, वडिलांचं नाव तेवढं सांगा." शेजारच्या औषधांच्या खिडकीतला कंपाउंडर ही गोष्ट तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगे.

"मॅडम, यम न्यायला आला ना, तरी तुम्ही त्याला विचाराल, नवीन की जुना?"

"विचारीनच," बाई म्हणत. "चुकीच्या माणसाला नेलं म्हणजे?"

यात गंमत होती तेवढंच खरंही होतं. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी एकाच नावाची दोन माणसं एकाच दिवशी आली आणि एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला गेलं. त्या दुसऱ्याची बायको संध्याकाळपर्यंत खिडकीसमोर उभी होती. ओरडली नाही, रडली नाही, नुसती उभी होती. तेव्हापासून बाईंनी कुणाच्याही वडिलांचं नाव सोडलं नाही.

बाईंचे मिस्टर मालवाहू जहाजावर फिटर. वर्षातले आठनऊ महिने इंजिनखोलीत काढायचे आणि उरलेल्या दिवसांत घरी येऊन न गळणारे नळसुद्धा दुरुस्त करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाई, सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी चिमी अशा तिघी राहत. सासूबाईंची जीभ धारदार आणि जीव मेणाचा. मुलगा जहाजावर असला की रोज सकाळी वर्तमानपत्रातलं हवामान मोठ्यानं वाचायच्या, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं असलं तरी.

मार्च महिन्यात ते जहाज चाच्यांनी पकडलं. चौदा माणसं होती. मालकांच्या कचेरीतून फोन आला, की घाबरू नका, हे लोक जिवाला हात लावत नाहीत, त्यांचा हा धंदा आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर खिडकी उघडली. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, त्या भाजी निवडत बसल्या असताना फोन वाजला. आधी फिटरचा आवाज आला. "अगं, मी. मी बरा आहे. आता हे काय सांगतात ते ऐकून घे, आणि मालकांना म्हणावं लवकर करा." मग दुसरा आवाज आला. जाड, मोडक्यातोडक्या इंग्रजीत गरजणारा. तुझा नवरा माझ्या हातात आहे, म्हणाला. पैसे आले नाहीत तर त्याला पाण्यात फेकीन.

बंदराच्या दवाखान्यात देशोदेशीचे खलाशी यायचे, त्यामुळे बाईंना खिडकीपुरतं इंग्रजी येत होतं. त्यांच्या तोंडातून बावीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "पूर्ण नाव सांगा."

पलीकडून आलं, "काय?"

"तुमचं पूर्ण नाव. वडिलांचं नाव. वय. राहणार कुठले?"

आणि त्या माणसानं सांगितलं. बापाचं नाव इतक्या अदबीनं त्याला कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नसावं. स्वतःचं, बापाचं, आजोबाचं नाव, वय एक्केचाळीस, किनाऱ्यावरचं गाव, सगळं त्यानं सावकाश, छाती फुगवून सांगितलं. बाईंनी भाजीच्या कागदावर सगळं उतरवून घेतलं. 'आधी कधी आला होतात' हे मात्र त्यांनी जीभ चावून आत ढकललं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "चाच्याला वय विचारलंस? आता काय लग्न जमवायचंय त्याचं?" त्या म्हणाल्या, आणि मग खालीच बसल्या. "माझा मुलगा कसा होता गं? आवाज कसा होता त्याचा?"

पुढच्या आठवड्यात मालकांचे वकील एकेक घर करत आले. उंच, वाकलेले, सतत घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी बजावलं, की बोलणी आमचा माणूस करतोय, तुम्हाला फोन आला तर ऐका, रडा आणि ठेवून द्या. बाई म्हणाल्या, "मला एक आला होता. त्यानं सांगितलं, की तो..."

वकिलांनी हात वर केला. "बाई, मला काही सांगू नका. मला जेवढं कमी ठाऊक, तेवढं तुमच्या माणसाच्या भल्याचं."

बाईंना हा उर्मटपणा वाटला. त्यांच्या खिडकीत असं कुणी बोललं असतं तर त्यांनी रांगेच्या शेवटी पाठवलं असतं. त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

जूनमध्ये आणखी दोन जहाजं पकडली गेली आणि देशभर ओरड झाली. तेव्हा सरकारनं चाच्यांच्या म्होरक्यांवर निर्बंध जाहीर केले. पाच जणांची यादी. या पाच जणांना पैसा, माल, इंधन, काहीही देणं गुन्हा. टीव्हीवर मंत्री बोलत होते तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बरं झालं! रसद तोडली की नाक घासत येतील मेले." बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यादी वाचली, ओळीखाली पट्टी धरून. तिसऱ्या ओळीवर पट्टी थांबली. नाव तेच, बापाचं तेच, आजोबाचं तेच, गाव तेच. वय मात्र बेचाळीस दिलं होतं.

"सरकारनं एक वर्ष जास्त लावलंय," बाई चिमीला म्हणाल्या, आणि भाजीच्या कागदावरचा सगळा मजकूर कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी त्या पोटभर जेवल्या. आपल्या हातून काहीतरी झालं, असं त्यांना वाटत होतं. ज्याला सरकार शोधतंय तो कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. आता त्याची मानगूट धरायला कितीसा वेळ?

ऑगस्टमध्ये खात्यानं चौदा घरच्यांना बैठकीला बोलावलं. लांबलचक टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, टोकाला निर्बंध विभागाचे साहेब. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, एकेक शब्द तोलून बोलणारे. त्यांच्या शेजारी बैठकीचा वृत्तांत लिहिणारी एक मुलगी. आत जाण्यापूर्वी वकिलांनी जिन्यातच सगळ्यांना गाठून हळूच सांगितलं होतं, "दहाबारा दिवस कळ काढा. फक्त कळ काढा." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू होतं.

साहेब म्हणाले, "निर्बंधांमुळे आपल्या माणसांची सुटका अडेल, अशी भीती कुणी बाळगू नये. आजच्या तारखेला हे जहाज यादीतल्या कुणाच्या ताब्यात आहे, अशी कोणतीही माहिती शासनाकडे नाही." हे वाक्य त्यांनी अगदी सावकाश म्हटलं आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "कोणतीही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कप्तानाच्या बायकोनं डोळे पुसले. आणि बाईंनी वर्गात करावा तसा हात वर केला.

"साहेब, माहिती आहे. माझ्याकडे आहे."

त्या उभ्या राहिल्या, पर्समधून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचला. नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, वय, गाव, फोन आला तो दिवस आणि वेळ. "म्हणजे आपल्या यादीतला तिसरा. त्यानं स्वतः सांगितलंय. वयात एका वर्षाचा फरक आहे, तेवढा आपण दुरुस्त करून घ्यावा."

खोलीत फक्त त्या मुलीच्या लेखणीचा आवाज येत होता. ती लिहीतच होती. वकिलांनी डोळे मिटून घेतले होते. साहेबांनी चष्मा नाकावर चढवला, उतरवला, आणि म्हणाले, "नोंद घेतली."

बाहेर आल्यावर वकिलांनी त्यांना भिंतीशी गाठलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की बाईंना पुढे झुकावं लागलं.

"बाई, हे काय करून बसलात? इतके महिने आम्ही त्या माणसाला 'समोरचा' म्हणतोय. ते काय त्याचं नाव विचारायची लाज वाटत होती म्हणून? पैसे कुणाला जातात ते ठाऊक नाही, तोवर मालक देऊ शकतात. ठाऊक झालं की तो गुन्हा. सौदा ठरला होता. अकरा दिवसांनी पैसे पोचणार होते. आता सरकारच्या वृत्तांतात नाव आलं. बँक हात लावणार नाही, विमा कंपनी हात लावणार नाही, मालक तर आधी पळतील."

"मग... लिहिलंय ते खोडता येईल ना?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या रजिस्टरात एक अक्षर गिरवू न देणाऱ्या त्या बाई.

कप्तानाची बायको शेजारून जाताना थांबली. "बक्षीस मिळेल असं वाटलं होतं का हो तुम्हाला?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरली.

तीन दिवसांनी वकील घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, की एक वाट आहे. बाईंनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. फोनवर कुणी नाव सांगितलंच नव्हतं, पेपरात वाचलं आणि काळजीनं डोकं फिरल्यामुळे तेच बैठकीत ठोकून दिलं, असं. मग शासनाकडे पुन्हा कुठलीही माहिती नाही.

"आणि माझं?"

"शासनाला खोटी माहिती दिल्याबद्दल खटला होईल. नोकरीचं सांगता येत नाही."

बाईंना नोकरी जाईल याची भीती होती, नाही कशी? पण त्यांना थांबवणारी गोष्ट वेगळी होती. "साहेबांनी मला सांगितलंय," त्या म्हणाल्या, "जिवाचा प्रश्न असेल तर खास परवानगी देता येते. तसा अर्ज आहे. खरं सांगून काम होत असेल तर खोटं कशाला लिहायचं?"

"अर्जाला वेळ लागतो, बाई."

"मी बसेन तिथे. मला कळतं कागदाचं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, लिहून दे ना! खोटं तर खोटं! माझ्या पोराच्या जिवापेक्षा तुझं अक्षर मोठं झालं का?"

पण बाईंचा कागदावर विश्वास होता. नीट भरलेला कागद योग्य खिडकीत दिला की माणसाचं काम होतं, यावर त्यांनी बावीस वर्षं पगार घेतला होता. त्या विश्वासापायी पाच आठवडे गेले.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रजा टाकून त्या खात्यात जाऊन बसत. अर्जातला चौथा रकाना होता, 'रक्कम स्वीकारणाऱ्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, राहणार'. तो त्यांनी सगळ्यात सुंदर अक्षरात भरला. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण एक प्रत कमी होती. दुसऱ्यांदा परत आला, कारण बाई मालक नव्हत्या आणि मालकांचं संमतिपत्र हवं होतं. मालक संमतिपत्र देईनात, कारण ते दिलं की त्यांनाही नाव ठाऊक आहे असं झालं असतं. कप्तानाच्या बायकोनं चार दिवस मालकांच्या दारात ठाण मांडलं तेव्हा ते मिळालं. तिसऱ्यांदा खिडकीतला कारकून म्हणाला, "इथे स्वीकारणाऱ्याची सही राहिलीय."

बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. "अहो, चाच्याची सही मी कुठून आणू?"

"रकाना आहे, बाई. रकाना आम्ही नाही केला."

"तो समुद्रात आहे. त्याच्या हातात बंदूक आहे."

"मग तसं लिहून द्या. वर पाठवतो. पण अपूर्ण म्हणून परत येईल, आधीच सांगतो." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं. बाई त्या स्टुलावर बसल्या आणि जाळीच्या या बाजूनं खिडकी कशी दिसते ते बराच वेळ बघत राहिल्या.

चौथ्या आठवड्यात फिटरचा फोन आला. दुपारची वेळ, दवाखान्यात रांग लागलेली. आवाज इतका बारीक झाला होता, की आधी बाईंना ओळखूच आला नाही.

"अगं, आम्हाला सगळ्यांना एका खोलीत कोंडलंय. पाणी दिवसाला एक बाटली, तिघांत. आचारीमामांच्या शुगरच्या गोळ्या संपल्यात. पाय काळा पडलाय त्यांचा, वास येतो. पैसे येणार होते ना? हे म्हणतात, तुमच्याच माणसांपैकी कुणीतरी अडवलं. कोण गं? कुणी अडवलं?"

रांगेतला एक म्हातारा जाळीवर नाणं वाजवत होता.

"मी... चौकशी करते," बाई म्हणाल्या.

"कर बाई. सोडू नकोस त्याला." आणि फोन बंद झाला.

आचारीमामा म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी. अठ्ठावन्न वर्षांचे, ही शेवटची खेप म्हणून निघालेले. फिटर त्यांच्याबद्दल नेहमी सांगायचे, की इंजिनखोलीतून वर आलं की मामा आधी शिवी देतात आणि मग ताट देतात. पुढच्या बुधवारी वकिलांनी कळवलं, की मामा गेले.

त्यानंतर तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मामांची बायको बाईंच्या खिडकीसमोर रांगेतून पुढे आली. ठेंगणी, स्थूल, धाप लागलेली. तिला चक्कर येत होती म्हणून शेजारणीनं आणलं होतं. बाईंनी नवा केसपेपर ओढला, पेन उचललं, आणि ते पहिल्या रकान्यावर नुसतं टेकवून ठेवलं. मागची रांग चुळबुळ करू लागली.

"विचारा की," मामांची बायको म्हणाली. "सगळ्यांना विचारता तुम्ही." आणि तिनंच सांगितलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय, पत्ता. बाई लिहीत गेल्या. "नवऱ्याच्या नावाआधी आता काय लावायचं असतं, ते तुमचं तुम्ही बघा. मला नाही लिहिता येत."

तिच्या आवाजात राग असता तर बाईंना तो झेपला असता. ती दमली होती, बस्स. बाईंनी नावाआधी काहीच लावलं नाही. वयाचा रकानाही कोराच राहिला, कारण ऐकलेला आकडा त्यांच्या डोक्यात टिकला नाही. तो केसपेपर तसाच आत गेला. मग त्यांनी खिडकी बंद केली, कंपाउंडरला म्हणाल्या, "मी येते," आणि चालत वकिलांच्या कचेरीत गेल्या.

प्रतिज्ञापत्र तयारच होतं. पाच आठवडे वकिलांच्या खणात पडून होतं.

सोमवारी ते घेऊन दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी ते दोनदा वाचलं. खोलीत पंखा फिरत होता, आणि ती वृत्तांत लिहिणारी मुलगी आजही शेजारी होती.

"म्हणजे फोनवर नाव कुणी सांगितलंच नाही."

"नाही."

"बापाचं, आजोबाचं, गावाचं, सगळं तुम्ही पेपरात वाचलंत."

"हो साहेब."

साहेबांनी एक पान उलटलं. हे त्यांना विचारायचं नव्हतं, ते दिसतच होतं. पण ती मुलगी लिहीत होती. "पेपरात वय बेचाळीस होतं. तुम्ही बैठकीत एक्केचाळीस सांगितलंत, आणि आम्हाला दुरुस्ती करायला लावलीत. ते एक्केचाळीस कुठून आलं?"

वकील खुर्चीत ताठ झाले. हा प्रश्न येईल, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "लिहिताना चुकलं माझ्याकडून."

"तुमचं तर रोजचं कामच हे आहे ना?"

"हो. कामातसुद्धा चुका होतात माझ्या. नेहमी होतात." मग त्यांना वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही. त्या म्हणाल्या, "परवाच एक केसपेपर वय न घालता आत पाठवलाय मी. दवाखान्यात विचारून बघा."

साहेबांनी चष्मा उतरवला. मग त्या मुलीला म्हणाले, "लिहा. संबंधित महिलेच्या कामात वारंवार चुका होतात. तिच्या माहितीवर शासनास विसंबता येत नाही." आणि त्यांनी शिक्का पुढे ओढला.

नवव्या दिवशी पैसे पोचले. बाराव्या दिवशी जहाज सुटलं. तेरा माणसं चालत उतरली, आणि मामांना जहाजाच्या शीतखोलीतून उतरवलं. फिटरची पँट दोरीनं बांधलेली होती. सासूबाईंनी त्यांच्या गालांवरून हात फिरवला. चिमी दाराआड उभी राहून बापाकडे बघत होती. घरचा नळ खरोखरच गळत होता, पण त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भांड्यात पडणारं पाणी ऐकत नुसते बसून राहायचे.

कोणी अडवलं होतं, हे बाईंनी त्यांना चौथ्या दिवशी सांगितलं. सगळं, क्रमानं, काहीही न गाळता. ऐकून ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मामा शेवटी तुझ्या हातचं जेवायला येणार म्हणत होते." त्यानंतर दोघांत कितीतरी दिवस कामापुरतंच बोलणं होतं.

खिडकीतून बाईंना काढलं होतं. तिथे आता नवीन मुलगा होता, आणि कंपाउंडर सांगे, की तो वडिलांचं नाव विचारतच नाही. खटल्याची तारीख जानेवारीत लागली. वकिलांनी बजावलं, की नुसतं 'हो' म्हणा. गेल्या महिन्यात आणखी एक जहाज पकडलं गेलंय, एकोणीस माणसं आहेत, आणि फोनवरचा आवाज तोच आहे असं आमचा माणूस म्हणतो. तुमचं बैठकीतलं बोलणं खरं ठरलं, तर त्या एकोणीस जणांचे पैसेही आजच अडतील.

फिटरनं "मी येतो" म्हटलं तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं. ते कोर्टात मागच्या बाकावर बसले, केस नीट विंचरून.

सरकारी वकिलांनी वाचायला सुरुवात केली. आरोपी निष्काळजी आहे. आरोपी कामात वारंवार चुका करते, असं तिनं स्वतः मान्य केलं आहे. आरोपीनं ऐकीव नाव मनानंच जोडून शासनाची दिशाभूल केली, त्यामुळे चौदा माणसांची सुटका लांबली आणि एक मरण पावला.

"हे खरं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

मागे बाक कुरकुरलं. "साहेब," फिटरचा आवाज आला. "ही खोटं बोलतेय. हिची चूक होत नाही. बावीस वर्षांत झाली नाही. तो माणूस मी बघितलाय, त्याचं नाव..."

बाई वळल्या. आरोपीनं वळायचं नसतं, तरी वळल्या. "खाली बसा," त्या म्हणाल्या.

"हे कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझे मिस्टर, साहेब. त्या जहाजावर होते." बाईंचा आवाज खिडकीतल्यासारखा स्वच्छ होता. "तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. काहीही बोलतात. त्यांचं मनावर घेऊ नये."

फिटर तसेच उभे होते. कोर्टातली सगळी माणसं आता त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती, थोडी कीव, थोडी भीती. ते सावकाश बसले.

पुढची तारीख मिळाली. दोघं बाहेर आले. जिन्याच्या वळणावर फिटर थांबले, कठडा धरून.

"अगं, तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून चूळ भरायचा. हजार माणसांत ओळखीन मी त्याला."

"माहीत आहे मला."

"आणि तू मला चारचौघांत वेडा ठरवलंस."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी त्यांच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली. "तारीख तेवीस आहे. त्या दिवशी तुम्ही घरी थांबा."